इंग्रजीतील तुलना व साम्यदर्शन

दोन किंवा अधिक वस्तूंमधील गुणाचे कमीअधिकपण अथवा सारखेपण दाखवण्याच्या इंग्रजी भाषेतील रीती. विशेषण-क्रियाविशेषणांचा तर-तमभाव (शालेय भाषेत ‘डिग्री’), ‘ॲज... ॲज’ ही समतादर्शक रचना आणि ‘लाइक’, ‘सेम’, ‘सिमिलर’ यांसारखे साम्यवाचक शब्द त्यांत येतात. मराठीत हा भार बव्हंशी ‘पेक्षा’ (किंवा ‘हून’) आणि ‘सारखा’ हे दोन शब्द वाहतात आणि विशेषण तसेच राहते. इंग्रजीत ‘दॅन’ तर लागतेच, शिवाय विशेषणालाही रूप बदलावे लागते. मराठीभाषकाच्या पुष्कळशा चुका या एका फरकातून निघतात.

‘-अर’ व ‘-एस्ट’ हे प्रत्यय जर्मानिक शाखेतून आलेले असून संस्कृतातील ‘ईयस्’ व ‘इष्ठ’ यांच्याशी त्यांचे नाते सर्वमान्य आहे. ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ हे शब्द तर धातू आणि प्रत्यय अशा दोन्ही अंगांनी सगोत्र ठरतात. मराठीत ‘स्वादिष्ट’, ‘श्रेष्ठ’, ‘कनिष्ठ’ यांतला तमभाव (‘सर्वांत अधिक’ हा अर्थ) झिजला आणि म्हणून ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणण्याची पाळी आली. इंग्रजीतही हे घडले आहे. ‘नियर’ हे मुळात ‘नाय’ (जवळ) याचे तरवाचक (‘अधिक जवळ’ अशा अर्थाचे) रूप. त्याची जाणीव पुसली गेल्यावर त्यालाच पुन्हा प्रत्यय लागून ‘नियरर’ झाले. पाणिनीने (सामान्यतः इ. स. पू. पाचवे-चौथे शतक) अतिशय दाखवण्यासाठी ‘तमप्’ व ‘इष्ठन्’, तर दोहोंतील तुलनेसाठी ‘तरप्’ व ‘ईयसुन्’ सांगितले आहेत. दोघांत तुलना असेल तर ‘बेटर’, अधिकांत असेल तर ‘बेस्ट’, हा इंग्रजी वर्गातला नियम याच जातीचा आहे. मात्र मूळ रूपालाही एक अवस्था मानून तीन अवस्था मोजण्याची रीत लॅटिन वैयाकरणांची. चौथ्या शतकातील डोनाटस याच्याकडे ती स्पष्ट दिसते.

‘मोअर’ व ‘मोस्ट’ लावून तुलना करण्याची पद्धत मध्य इंग्रजी काळात, साधारण तेराव्या शतकापासून, रूढ होत गेली. तिच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. जुन्या मतानुसार ती फ्रेंच ‘प्ल्यू’ची (‘अधिक’ या अर्थाच्या शब्दाची) नक्कल होय. दुसऱ्या मतानुसार प्राचीन इंग्रजीतच, विशेषतः धातुसाधितांपूर्वी, क्रियाविशेषण घालून तुलना करण्याची उदाहरणे सापडतात. फ्रेंच व लॅटिन यांनी या देशी बीजाला फार तर खतपाणी घातले असावे. हे दुसरे मत पुराव्याला अधिक धरून वाटते. दोन्ही पद्धती शेजारी नांदत असताना त्या एकत्रही येत: शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर (सु. 1599) या नाटकात ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ असा प्रयोग आहे. पुढे व्याकरणकारांनी तो अशुद्ध ठरवला. आज ‘मोअर टॉलर’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अर्थात शेक्सपिअर नसतो, ‘जास्त उंच’ असते. एकावयवी (एकाच उच्चारखंडाच्या) शब्दांना बहुधा प्रत्यय आणि तीन वा अधिक अवयवांच्या शब्दांना ‘मोअर’, हे ढोबळ सूत्र परिचित आहे. मधल्या ‘क्लेव्हर’, ‘पोलाइट’, ‘कॉमन’ यांना दोन्ही रूपे चालतात.

‘दॅन’ हा शब्द ‘देन’ (नंतर) याच शब्दाचे दुसरे रूप असून दोहोंची लेखने सुमारे 1700 पर्यंत पुरती वेगळी झालेली नव्हती. ‘हा मोठा, मग तो’ अशा क्रमदर्शक वाक्यातून तुलनेचा अर्थ आला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते; ते सर्वांना पटलेले नाही. ‘दॅन’नंतर ‘आय’ (I) की ‘मी’ (me), हा वाद त्यामानाने अलीकडचा. रॉबर्ट लाउथ या इंग्रज वैयाकरणाने 1762 च्या आपल्या व्याकरणात अध्याहृत (न उच्चारलेल्या) क्रियापदावरून विभक्ती ठरवावी असे म्हटले. बोलण्यात मात्र ‘दॅन मी’ हेच चालते, आणि ते चूक म्हणण्यात आज फारसे हशील नाही.

लॅटिन तरवाचक रूपांवरून आलेले ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ हे शब्द ‘दॅन’ न घेता ‘टू’ घेतात. ‘माझ्यापेक्षा सीनिअर’ हे मराठीत निर्दोष असल्याने ‘सीनिअर दॅन मी’ सहज तोंडी येते. याहून सूक्ष्म चूक तुलनेच्या दुसऱ्या टोकाशी होते. ‘सोन्याची घनता लोखंडापेक्षा जास्त आहे’ हे वाक्य मराठीत कुणाला खटकत नाही. इंग्रजीत ते शब्दशः नेले की घनतेची तुलना थेट लोखंडाशी होते. तेथे ‘दॅन दॅट ऑफ आयर्न’ हवे. तसेच सोने ‘एनी मेटल’पेक्षा महाग म्हटल्यास ते स्वतःपेक्षाही महाग ठरते, म्हणून ‘एनी अदर मेटल’.

साम्यवाचकांत ‘लाइक’ हा शब्द ‘समान देहाचा’ अशा अर्थाच्या प्राचीन इंग्रजी ‘गेलीक’वरून आला; मराठी ‘सारखा’ संस्कृत ‘सदृक्ष’वरून, म्हणजे दिसण्यावरून. ‘ॲज’ हे ‘ऑल्सो’चेच आखडलेले रूप होय. ‘ॲज अ टीचर’ म्हणजे शिक्षक म्हणून आणि ‘लाइक अ टीचर’ म्हणजे शिक्षकासारखा, हा भेद मराठीत लख्ख आहे. दोहोंचा अर्थ ‘सारखा’ असा पाठ करून घेतल्यानेच तो पुसला जातो. ‘सेम’पुढे ‘ॲज’ आणि ‘सिमिलर’पुढे ‘टू’ येते.

‘जितके... तितके’साठी येणाऱ्या ‘द मोअर... द मोअर’ या रचनेतील ‘द’ हे नेहमीचे उपपद नव्हे. दर्शक सर्वनामाच्या प्राचीन करणरूपाचा (तृतीयेसारख्या रूपाचा) तो अवशेष आहे. त्यामुळे येथे दोन्ही ‘द’ आवश्यक असतात.

पटींची तुलना संदिग्ध राहते. ‘थ्री टाइम्स लार्जर दॅन’ म्हणजे तिप्पट की मूळ अधिक तिप्पट, म्हणजे चौपट, असा प्रश्न काढणारे आहेत. मराठीत ‘तिप्पट झाले’ आणि ‘तिपटीने वाढले’ यांत हीच अडचण येते. बहुतेक वाचक तिप्पट असाच अर्थ घेतात, पण आकड्याला महत्त्व असेल तेथे ‘थ्री टाइम्स ॲज लार्ज ॲज’ लिहितात.