करारनामा तपासणं वेगळं, टायटल (मालकी हक्क) तपासणं वेगळं

"एआयला करारनामा दाखवला, सगळं क्लिअर म्हणलं, उद्या टोकन देतो." संभाजीनगर, लातूर, नांदेड, कुठंही घर घेणाऱ्यांशी बोला, हे हमखास ऐकू यायलंय. माणूस जन्माची कमाई लावायलाय आणि दोन वेगळी कामं एकच समजून बसलाय, म्हणून लिहावं लागतंय.

करारनामा वाचायला एआय चांगलंच आहे, वापराच. ताब्याची तारीख गोल-गोल लिहिलीय का, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) दिलाय का नुसता बिल्टअप (भिंतींसकट), तुमचा हप्ता चुकला तर व्याज आणि बिल्डरचा ताबा लांबला तर काहीच नाही असं आहे का, हे ते पटकन काढून देतं. रजिस्टर करार व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर पैसे मागितलेत का तेही विचारा, घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या रेरा कायद्यात कलम १३ त्यासाठीच आहे. फक्त ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला किंवा ८ घरांपर्यंतच्या स्कीमला रेराची नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडची कितीतरी रो-हाऊस त्यातच बसतात, तिथं मसुदा बहुधा बिल्डरच्या मर्जीचा असतो.

आता खरी गडबड कुठं होते बघा. जवळपास प्रत्येक करारात एक ओळ असतीच, "सदर मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजारहित आहे". एआय ती वाचतं आणि तुम्हाला सांगतं की मिळकतीवर बोजा नाही. अहो, ते लिहून देणाराच म्हणतोय! विकणाऱ्याचं म्हणणं एआयच्या तोंडून परत आलं की लोकांना ते तपासल्यासारखं वाटतं. जमीन खरंच त्याची आहे का, बहिणींचा हिस्सा द्यायचा राहून गेलाय का, बँकेचा बोजा आहे का, कोर्टात दावा चालू आहे का, हे करारनाम्यात सापडतच नाही. ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात, फेरफारात, दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) मध्ये आणि कोर्टात सापडतं, त्यासाठी वकील ३० वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींचा शोध) घेतात. हे कागद एआयला दिले तर तेही वाचेल, पण जो कागद तुम्ही दिलाच नाही तो त्याला कुठून दिसणार?

मराठवाड्यात तर हे जास्तच जपायला पाहिजे. इथं निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश अशा इनाम जमिनी आहेत, शिवाय वर्ग २ च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) आणि कुळाच्या जमिनी आहेत; परवानगीशिवाय व्यवहार झालेला असला तर शर्तभंग (जमिनीवरची अट मोडल्याचा ठपका) निघतो, आणि मधी तीन खरेदीखतं झाली तरी मूळ दोष तसाच राहतो. म्हणून १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी सरकारी नोंद) काढून बघणारा वकील धरा. त्याच्या मागचे कागद काही ठिकाणी उर्दूत असतात, ते वाचणारा माणूसही लागतो. गुंठेवारीतलं (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं) घर असंल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र स्वतः डोळ्यानं बघा, "फाईल टाकलीय" याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

बारीक गोष्टी: आधार-पॅन नंबर झाकूनच अपलोड करा, आणि जुन्या फॉन्टमधला मराठी मसुदा कॉपी-पेस्ट केला तर अक्षरं बिघडतात, चांगला फोटो द्या.

एआयला "करार ठीक आहे का" विचारूच नका. विचारा, "लिहून देणाऱ्यानं यात कोणकोणते दावे केलेत आणि प्रत्येक दावा कोणत्या कागदानं सिद्ध होईल?" ती यादी घेऊन वकिलाकडं जा, सर्च रिपोर्ट हातात येऊ द्या, टोकन त्याच्यानंतर.