व्हॅन्शियन मॅजिक

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, जादूगार पात्राने स्पेल कसे लक्षात ठेवायचे, दिवसात किती टाकायचे आणि टाकल्यावर त्या स्पेलचं काय होतं हे ठरवणारी सगळ्यात जुनी नियमपद्धत, आणि जिच्यावर सगळ्यात जास्त वाद झालेत तीही हीच. जादूगार झोपून उठतो, पुस्तक उघडतो, ठराविक स्पेल डोक्यात भरतो, आणि एकदा टाकला की तो स्पेल डोक्यातून पुसला जातो, परत हवा असेल तर परत झोप आणि परत पुस्तक. नाव अमेरिकन लेखक जॅक व्हॅन्स यांच्यावरून पडलं आणि पद्धत पसरली ती डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातून. स्पेलला मराठीत मंत्र म्हणायचा मोह होतो, पण आपल्याकडे मंत्र जपाने सिद्ध होतो, जितका म्हणाल तितका मुरतो, आणि हा स्पेल वापरला की संपतो, म्हणजे अगदी उलटं. म्हणून इथे स्पेल हाच शब्द ठेवलाय, आणि खेळायला बसलेली मंडळीसुद्धा ‘स्पेल टाकला’, ‘स्लॉट (म्हणजे स्पेलच्या जागा) संपले’ असंच बोलतात.

उदाहरणासाठी १९७८ चं ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सचं खेळाडूंचं पुस्तक घेऊ, कारण तिथे हा नियम सगळ्यात कडक आहे. पाचव्या लेव्हलच्या (लेव्हल म्हणजे अनुभवाने वाढणारा पात्राचा दर्जा) मॅजिक-यूजरला, म्हणजे जादूगाराला, पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे २ आणि तिसऱ्या पातळीचा १ असे दिवसाला ७ स्पेल मिळतात. पात्राची लेव्हल वेगळी आणि स्पेलची लेव्हल वेगळी, नवीन माणूस इथे हमखास अडखळतो, म्हणून या नोंदीत पात्रासाठी लेव्हल आणि स्पेलसाठी पातळी असं लिहिलंय. पाठ करायला दर पातळीमागे १५ मिनिटं लागतात, म्हणजे पहिल्या पातळीच्या चौघांना १ तास, दुसऱ्या पातळीच्या दोघांना अजून १ तास आणि तिसऱ्या पातळीच्या एकाला ४५ मिनिटं, एकूण पावणेतीन तास, आणि त्याआधी ६ तासांची विश्रांती झालेली पाहिजे. बरं, काय काय लागेल ते आधीच ठरवायचं. झोप आणणारा स्पेल दोनदा लागेल असं वाटलं तर तो दोनदा पाठ करायचा, त्यात चौघांतल्या दोन जागा गेल्या. तिसऱ्या पातळीची एकच जागा, तिथे फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, घेतला तर उडण्याचा स्पेल नाही, उडायचा घेतला तर फायरबॉल नाही. आणि समोर जे आलं ते नेमकं आगीला दाद न देणारं निघालं तर तो दिवस गेला.

मराठी वाचकाला हे समजवायला महाभारत पुरे. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती, अर्जुनासाठी राखून ठेवलेली, ती घटोत्कचावर खर्च करावी लागली आणि अर्जुनाच्या वेळी हात रिकामा राहिला. आज टाकू का उद्यासाठी ठेवू, हा जो घोर आहे तोच या नियमाचा प्राण आहे. अर्थात दोन्हींचा ऐतिहासिक संबंध काही नाही, समजायला सोपं जातं म्हणून सांगितलं.

आता उगमाबद्दल, कारण खरा वाद तिथेच आहे. ढोबळ उत्तर सगळ्यांना पाठ असतं की डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने हे जॅक व्हॅन्सकडून घेतलं, आणि ते चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर बरंच निसटतं. व्हॅन्स यांचं ‘द डाइंग अर्थ’ १९५० मध्ये आलं. त्यातल्या जगात सूर्य विझत आलाय, एकेकाळच्या हजारभर स्पेलपैकी शंभराच्या आसपास उरलेत, मॅझिरियन नावाच्या जादूगाराकडे त्यातले ७३ आहेत, आणि कसून सराव करूनही त्याच्या डोक्यात एका वेळी जबरदस्त असतील तर ४ किंवा साधे असतील तर ६ एवढेच मावतात. बाहेर पडायच्या आधी तो पुस्तकांतून निवडून ५ स्पेल मोठ्या कष्टाने डोक्यात कोंबतो. हे वाचलं की डंजन्स अँड ड्रॅगन्सचा जादूगार समोर उभा राहतो, यात शंका नाही. प्रिझमॅटिक स्प्रे हा स्पेल तर जवळजवळ नावासकट उचललाय, आणि खेळातला व्हेक्ना हा कुप्रसिद्ध मृत जादूगार म्हणजे व्हॅन्स याच नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केलेली. १९७९ च्या डंजन मास्टरच्या (म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात प्रेरणास्थानांची जी यादी आहे तिच्यात ज्यांचा सगळ्यात थेट प्रभाव म्हटलंय अशा मोजक्या लेखकांत व्हॅन्स आहेतच.

पण खेळाच्या १९७४ च्या मूळ तीन पुस्तिका उघडून बघितल्या तर तिथे ‘विसरतो’ असं कुठेच लिहिलेलं नाही. एका मोहिमेत किती स्पेल लक्षात राहतात त्याचा तक्ता आहे, आणि एक वाक्य आहे ज्याचा अर्थ असा की एकदा वापरलेला स्पेल त्याच दिवशी पुन्हा वापरता येणार नाही. बस. आता याचा अर्थ एकच स्पेल दोन जागांवर पाठ करता येतो का नाही? वाक्य शब्दशः धरलं तर नाही, कारण तो ‘वापरलेला’ झाला, आणि जुन्या मूळ नियमांनी खेळणारे लोक आजही यावर दोन्ही बाजूंनी वाद घालतात. गायगॅक्सने खुलासा केला तो १९७६ मध्ये, खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीच्याच ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात. त्या लेखात कथा-पुराणांतल्या जादूचे चार ढोबळ प्रकार सांगितलेत, एकीकडे खूप साहित्य मांडून चालणारे लांबलचक विधी आणि दुसरीकडे चटकन उच्चारायचे छोटे स्पेल वगैरे, आणि मग खेळातली जादू ‘व्हॅन्शियन’ धर्तीवर चालते, पाठ केलेला स्पेल टाकताच स्मरणातून जातो, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे नियम आधी छापला आणि त्याचं कारण दोन वर्षांनी.

दुसरा धागा खेळाचा दुसरा कर्ता डेव्ह आर्नसन याचा. १९७१ च्या चेनमेल या छोट्या सैनिक-पुतळ्यांच्या युद्धखेळाला गायगॅक्सने अद्भुत जगाची जी पुरवणी जोडली होती तिच्यात विझर्ड आहे, पण तो तोफखान्याच्या जागी उभा केलेला, त्याचा फायरबॉल मोठ्या कॅटापल्टच्या माऱ्याएवढा आणि त्याची वीज तोफेच्या गोळ्यासारखी, पुस्तक नाही की पाठांतर नाही. हे नियम मिनेसोटात आर्नसनने आपल्या ब्लॅकमूर मोहिमेत वापरले आणि बदलले, आणि १९७२ च्या शेवटी किंवा १९७३ च्या सुरुवातीला गायगॅक्सला खेळून दाखवले. आर्नसनच्या १९७७ मध्ये छापल्या गेलेल्या टिपणांवरून दिसतं की ब्लॅकमूरमध्ये स्पेल हा आधी तयार करून बरोबर न्यायचा माल होता, त्याला साहित्य लागायचं, तयारीला वेळ लागायचा, आणि जेवढा तयार केला तेवढाच तळघरात कामाला यायचा. इथे मोजणी आहे, तयारी आहे, वापरला की संपला हेही आहे, फक्त विसरणं नाही, कारण संपतोय तो माल, आठवण नाही.

या दोन्हीत डावं-उजवं करणारे बरेच आहेत. माझा कल असा की मोजणी खेळाच्या टेबलावरून आली आणि गोष्ट व्हॅन्सकडून. एक कारण म्हणजे पातळ्या. व्हॅन्सकडे भारी स्पेल आणि हलके स्पेल एवढंच आहे, पहिली ते नववी पातळी, प्रत्येक पातळीच्या वेगळ्या जागा, लेव्हल वाढेल तसा वाढणारा तक्ता, यातलं काहीच नाही. १९७४ मध्ये ६ पातळ्या होत्या, १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत त्या ९ झाल्या, हे काम दारूगोळ्याचा हिशोब ठेवायची सवय असलेल्या युद्धखेळवाल्यांचं आहे. आणि ‘दिवसाला’ हे मापही व्हॅन्सचं नाही, तिथला जादूगार पुस्तकाशी परत पोचला की परत भरू शकतो. तरी गायगॅक्सने स्वतः व्हॅन्सचं नाव घेतलंय, आणि त्याचं म्हणणं बाजूला सारण्याइतका पुरावा कोणाकडे नाही, म्हणून व्हॅन्शियन हेच नाव चालू ठेवणं योग्य.

स्पेल टाकायला लागणाऱ्या गोष्टी तीन, उच्चार, हातवारे आणि साहित्य. तोंड बांधलं तर पहिली गेली, हात बांधले तर दुसरी, झोळी हिसकावली तर तिसरी, म्हणून कैदेतला जादूगार नियमाप्रमाणेच निरुपद्रवी होतो. साहित्याची यादी नुसती वाचायलाही छान आहे. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक, म्हणजे सोरा आणि गंधक, बंदुकीच्या दारूचे दोन घटक. विजेला काचेची कांडी आणि फरचा तुकडा, शाळेत घासून बघितलेला प्रयोग. फायरबॉलचीच अजून एक गंमत, त्याची त्रिज्या २० फूट, म्हणजे उघड्यावर साधारण ३३,००० घनफूट, आणि पहिल्या आवृत्तीत (म्हणजे वरच्या १९७८ च्या पुस्तकात) हा आकारमानाचा आकडा पाळायचा होता, त्यामुळे छत बुटकं असलं की आग बोगद्यातून पसरत थेट टाकणाऱ्यापर्यंत यायची. खेळाडूंचे किती गट स्वतःच्याच आगीत भाजले असतील! नंतरच्या आवृत्त्यांनी हे काढून नुसता गोल ठेवला, ते मला तरी बरं वाटलं नाही.

टाकायला वेळही लागतो. त्याच पहिल्या आवृत्तीत १ मिनिटाच्या फेरीचे ६-६ सेकंदांचे १० भाग असतात, मॅजिक मिसाइलला १ भाग आणि फायरबॉलला ३, आणि तेवढ्यात कोणी घाव घातला तर स्पेल फुकट जातो आणि डोक्यातूनही जातो. म्हणून तलवारवाले पुढे आणि जादूगार मागे. क्लेरिक म्हणजे पुजारी पात्र पुस्तक न वापरता प्रार्थनेने स्पेल मिळवतो, बाकी हिशोब तोच.

ही पद्धत न पटलेले लोक पहिल्या वर्षापासून होते. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेने १९७५ मध्येच टनेल्स अँड ट्रोल्स काढला, त्यात स्पेल टाकला की ताकदीचे पॉइंट खर्च होतात, विसरायचं काही नाही, जादूगार दमतो आणि विश्रांती घेतली की भरून येतं. आज व्हिडिओ गेममधून सगळ्यांना माहीत असलेली निळी ‘माना’ची (जादूच्या इंधनाची) पट्टी याच विचाराची. मुळात माना हा शब्द पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या श्रद्धेतला, तिथे त्याचा अर्थ बराच खोल आहे, आणि खर्च होणारं इंधन हा अर्थ त्याला विज्ञानकथांनी चिकटवला, लॅरी निव्हनची १९६९ ची एक कथा यात महत्त्वाची मानतात. १९७८ च्या रुनक्वेस्टमध्येही पॉइंटच आहेत. १९८७ च्या आर्स मॅजिकाने तर यादीच बाजूला सारली, जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी ५ लॅटिन क्रियापदं आणि १० नामं दिली, निर्माण करणं अधिक आग म्हणजे क्रेओ इग्नेम, जोडून जागच्या जागी स्पेल बनवा. धातू आणि नाम जोडून वाक्य करावं तसं हे, व्याकरणाची आवड असलेल्याला फार आवडतं. १९८९ च्या शॅडोरनमध्ये टाकणाऱ्यालाच त्याचा शीण सोसावा लागतो, आणि २०१२ च्या डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये दरवेळी २० बाजूंचा फासा टाकायचा, स्पेल लागला तर कदाचित राहतोही, पण फासा फारच फसला तर जादूगाराचं शरीरच बिघडायला लागतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येच नियम हळूहळू सैल होत गेला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत पाठांतराच्या जागी ‘तयारी’ हा शब्द आला आणि सॉर्सरर नावाचं पात्र आलं, ज्याला थोडेच स्पेल येतात पण त्यातला कुठला कधी टाकायचा ते तो आयत्या वेळी ठरवतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने केव्हाही, लढाईत एकदा आणि दिवसात एकदा अशा वाटण्या केल्या, आणि तलवारवाल्यालाही त्याच दिल्या, त्यावरून झालेली नाराजी जुन्या खेळाडूंच्या मनात अजून आहे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तयारी आणि खर्च हे दोन वेगळे केले. विझर्ड सकाळी काही स्पेल तयार ठेवतो, त्यांची संख्या लेव्हल अधिक बुद्धीच्या आकड्यावरून निघणारा बोनस एवढी, आणि दिवसभर स्लॉट खर्च करून त्यातला कुठलाही कितीही वेळा टाकतो, स्लॉट असेपर्यंत. पहिल्या लेव्हलला २ स्लॉट, विसाव्याला २२. कँट्रिप म्हणजे छोटे स्पेल केव्हाही फुकट. फायरबॉल तिसऱ्या पातळीच्या स्लॉटने टाकला तर इजेसाठी सहा बाजूंचे ८ फासे, आणि मोठा स्लॉट लावला तर दर पातळीमागे १ फासा जास्त. समोरच्याला त्यातून बचावायला फाशाने जो आकडा गाठायचा तो ८ अधिक प्रावीण्याचा बोनस अधिक टाकणाऱ्याच्या मुख्य गुणावरून निघणारा बोनस. आणि सतत लक्ष एकवटून चालू ठेवावा लागणारा स्पेल एका वेळी एकच, दुसरा सुरू केला की पहिला सुटतो, मार लागला तरी सुटू शकतो. याला व्हॅन्शियन म्हणायचं का? बरेच जण सवयीने म्हणतात, पण विसरण्याचा भाग गेल्यावर उरतो तो फक्त दिवसाचा कोटा, त्यामुळे कडक अर्थाने हे नाव इथे बसत नाही. ज्याला जुना नियम जवळजवळ तसाच हवा त्याने २०१९ ची पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती बघावी, तिथला विझर्ड अजूनही एक फायरबॉल हवा तर एक जागा आणि दोन हवे तर दोन जागा सकाळीच अडवून बसतो.