संगीताच्या तासिकेतील यंत्रे : पार्श्वभूमी

ठाण्यातल्या शाळेत संगीताच्या तासिकेला शिक्षक मोबाइलचे फ्लाइट मोड चालू करतात, तानपुऱ्याचे ॲप काळी चार या पट्टीला (गाण्याच्या आधारस्वराच्या उंचीला) लावतात आणि फोन छोट्या स्पीकरला जोडतात. मधेच कुणाचा फोन वाजला तर चाळीस मुलांचा षड्ज (सा) मोडतो, म्हणून ही खबरदारी. दृश्य नवे असले तरी त्यामागची अडचण जुनी आहे : शाळेला संगीतशिक्षक एकच मिळतो, साथीदार मिळत नाहीत.

त्यावरचा पहिला तोडगा म्हणजे पेटी. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतलेल्या हार्मोनियमचा भाता पायांनी चालवावा लागे. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी भाता हाताशी आणला आणि जमिनीवर बसून, स्वर देत देत, स्वतः गाऊन शिकवणे एकट्याला जमू लागले. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही, हा आक्षेप खराच. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले. शाळांना मात्र तिला दूर ठेवण्याची चैन परवडणारी नव्हती.

एकाच वेळी अनेकांना शिकवण्याची घडी पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून बसवली. छापील स्वरलिपी हेही त्या काळचे तंत्रज्ञानच होते, असे मला वाटते. त्याच परंपरेतल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आज वाशीत आहे आणि प्रारंभिक, प्रवेशिकेच्या परीक्षा ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांच्या परिचयाच्या आहेत.

तानपुरा मात्र वर्गात फारसा रुळला नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत तारा उतरतात आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटे जुळवण्यातच जातात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवला आणि ती दहा मिनिटे वाचली; तालाच्या यंत्राने ठेकाही दिला. पुढे ही दोन्ही यंत्रे मोबाइलमध्ये सामावली. स्नेहसंमेलनातल्या तयार ट्रॅकबद्दल मात्र माझी तक्रार आहे : त्याची पट्टी मूळ गायकाच्या गळ्याची असते आणि ती न बदलता मुलांना तसेच ओढून गायला लावले जाते.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ऑनलाइन वर्गात आवाज क्षणभर उशिरा पोहोचत असल्याने समूहगान अशक्य झाले. शिक्षकांनी सगळ्यांचे माइक बंद ठेवले आणि प्रत्येकाकडून ध्वनिमुद्रण मागवले. समूहात ओठ हलवून वेळ मारून नेणारी मुले तेव्हा प्रथमच एकेकटी ऐकू आली.