कुंची, गुटी आणि शून्याखालची हवा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या घरी पाळणा हलला की इथली आज्जी तिकडे जाते. तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू असतात, अळीव असतो, रविवार पेठेतून आणलेली गुटीची पुडी, छोटी सहाण, मऊ सुती दुपटी आणि हाताने विणलेली कुंची असते. पुढच्या काही महिन्यांत यातल्या बहुतेक वस्तूंवरून त्या घरात एकदा तरी वाद होतो. लेक म्हणते, "आई, इथले डॉक्टर नको म्हणतात." आई म्हणते, "तुला असंच वाढवलंय की गं." दोघीही खोटं बोलत नसतात, त्यामुळे वाद मिटायचा नाही.

या वादाला आपण लगेच 'आपल्या समजुती आणि त्यांचं विज्ञान' असं नाव देतो. मला ते पटत नाही. समजुती तिकडेही भरपूर आहेत. ज्या जर्मनीत आज्जी जाते, तिथे बसमध्ये समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर कुणीतरी म्हातारं माणूस कुरकुरत एक बंद करतं, कारण वाऱ्याच्या झोताने मान धरते आणि सर्दी होते ही तिथली पक्की श्रद्धा आहे. आणि हीच मंडळी हिवाळ्यातही सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडून घरात हवा खेळवतात. आमच्या बेळगावात मराठी आणि कन्नड घरं भिंतीला भिंत लावून आहेत. पाट्यांवरच्या अक्षरांवरून १९५६ पासून भांडण चालू आहे, पण पावसाळ्यात केळं खाल्लं की कफ होतो यावर दोन्ही घरांचं एकमत. सीमाप्रश्न अजून टोपऱ्यापर्यंत पोहोचलेला नाही. तेव्हा रीत कुणाची हे बाजूला ठेवावं आणि ती बाळाच्या शरीरात नेमकं काय करते, हे एकेक करून तपासावं.

सर्वात मोठी चकमक थंडीवरून होते. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये तान्ह्या मुलांना दुपारच्या झोपेसाठी बाबागाडीत घालून घराबाहेर ठेवतात. नीट गुंडाळलेलं बाळ उणे दहा अंशांपर्यंतही बाहेर झोपतं. फिनलंडमध्ये या पद्धतीचा प्रचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्वो युल्प्यो या बालरोगतज्ज्ञांनी केला. कोंदट, गर्दीच्या घरापेक्षा बाहेरची स्वच्छ हवा बरी, असा त्यांचा विचार होता. हे दृश्य पाहून बेळगावच्या आज्जीच्या पोटात गोळा येतो.

सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यात सर्वात मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा. गार वाऱ्यातून विषाणू जन्माला येत नाही, केळ्यात किंवा दह्यात तो लपून बसलेला नसतो. तरी आज्जीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ऱ्हायनोव्हायरसला शरीरातल्या ३७ अंशांपेक्षा नाकातलं ३३ अंशांच्या आसपासचं तापमान जास्त मानवतं. येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर प्रयोग झाले, तेव्हा गारव्यात पेशींचा विषाणूविरोधी प्रतिकार मंदावतो असं २०१५ मध्ये दिसलं. शिवाय कोरड्या हवेत इन्फ्लुएन्झाचा विषाणू जास्त तग धरतो, आणि थंडीत माणसं दारंखिडक्या लावून एका खोलीत बसतात. म्हणजे थंडीचा आणि सर्दीचा संबंध आहे, पण तो मुख्यतः माणसांमधून जातो. अंगणात एकटं झोपलेलं फिनिश बाळ थंडीत असतं खरं, पण खोकणाऱ्या पाहुण्यांपासून लांब असतं. बारशाला जमलेल्या पन्नास माणसांत कुंची घालून हातोहात फिरणाऱ्या बाळाला जास्त धोका आहे.

मग कुंची निरुपयोगी का? मुळीच नाही. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या पृष्ठभागाचा सुमारे पाचवा हिस्सा असतं. मोठ्या माणसात तो दहाव्या हिश्श्याहून कमी. नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही, ते मानेभोवती आणि पाठीत साठवलेली तपकिरी चरबी जाळतं, आणि तो साठा मोजका असतो. खानापूरच्या कौलारू घरात, जुलैच्या झडीत, भिंतींना ओल आलेली असताना आणि खोली गरम करायची काही सोय नसताना डोकं झाकणं हे चोख शरीरशास्त्र आहे. तेच डोकं जर्मनीतल्या गरम केलेल्या खोलीत झोपेत झाकलं, तर जास्तीची उष्णता बाहेर टाकायची बाळाची मुख्य वाट बंद होते. झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूच्या कारणांमध्ये अंग अति तापणं हा एक ज्ञात धोका आहे. म्हणून तिथले डॉक्टर झोपायची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवायला, बाळाला बिनबाह्यांच्या झोपपिशवीत घालायला आणि टोपी काढायला सांगतात. बाहेर फिरायला नेताना मात्र ते स्वतःच टोपी घाला म्हणतात.

झोपेच्या बाबतीत तर पाश्चात्त्य वैद्यकानेच मोठी ठेच खाल्ली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला दिला जाई. हा सल्ला घातक आहे हे कळल्यावर नेदरलँड्सने १९८७ मध्ये, ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये 'उताणं झोपवा' अशी मोहीम काढली. त्यानंतर झोपेतले हे अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्या साऱ्या काळात आपल्याकडची बाळं मोहरीच्या उशीवर निवांत उताणी झोपत होती. कारण वेगळं होतं, डोकं गोल व्हावं म्हणून, पण फायदा झाला. गंमत म्हणजे उताणं झोपवायला लागल्यावर तिकडे मागून चपट्या डोक्याची मुलं दिसू लागली आणि काहींना त्यासाठी खास हेल्मेट घालायची वेळ आली. तरीही उशी तिकडच्या पाळण्यात ठेवू नये, इकडच्याही नाही. तिच्यात नाकतोंड दबण्याचा धोका खरा आहे. जागेपणी, समोर बसून बाळाला थोडा वेळ पालथं ठेवलं तरी डोकं गोल राहायला मदत होते.

आता गुटी. हा विषय नाजूक आहे, कारण इथे भावना सहाणेवरच उगाळली जाते. मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, सुंठ, जायफळ, अतिविष, वेखंड. प्रत्येकाचे सहाणेवर उगाळायचे ठरलेले वेढे. वेढ्यांनी मात्रा मोजण्यात एक शहाणपण आहे, औषध अगदी थोडंच जातं. पण किती थोडं हे कुणालाच सांगता येत नाही. मुळी जुनी की नवी, हात जड की हलका, यावर ते बदलतं. जायफळ जास्त झालं की बाळ सुस्तावतं, आणि सुस्तावलेलं बाळ 'शांत' दिसतं. वेखंडातल्या बीटा-अॅसरोन या द्रव्याने उंदरांत गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सांगते आहे.

गुटीतल्या सगळ्यात घातक गोष्टीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे चाटणाचा मध. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले इतर जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती फौज अजून उभी राहिलेली नसते, तिथे बीजाणू रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग मान टाकणं, रडण्याचा आवाज क्षीण होणं. हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. मध उकळूनही भागत नाही, ते बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. गुटीबद्दल आज्जीशी तडजोड करायचीच असेल तर करा, मधाबद्दल करू नका. हे जर्मनीत जितकं खरं, तितकंच बेळगावच्या वडगावात.

पण जर्मनांनीही फार मान वर करू नये. तिथल्या घरांत पोट दुखणाऱ्या तान्ह्या बाळाला बडीशेपेचा चहा पाजायची जुनी रीत आहे, आणि बडीशेपेत इस्ट्रॅगोल नावाचं द्रव्य असतं म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी लहान मुलांच्या बाबतीत सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. आणि आपल्याकडे दोन पिढ्यांनी आजीबाईंचं औषध म्हणून पाजलेलं ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी बनवलं. मूळ कृतीत दारूचा अंश होता. बाळ का गप्प होत असे, हे वेगळं सांगायला नको.

शेकशेगडी आणि ओव्याची धुरी याबद्दल थोडक्यात: इथल्या जुन्या घरांच्या कौलांमधून धूर निघून जातो. तिकडची घरं ऊब राखण्यासाठी हवाबंद केलेली असतात, त्यात निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साठून बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवावर बेतू शकतं. छताचा धूरसूचक ओरडेल ते वेगळंच. काजळाचं म्हणाल तर तीट पायाच्या तळव्याला लावा, बाजारी सुरमा डोळ्यात घालू नका, त्यात शिसं सापडतं आणि वाढत्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा निर्धोक नाही. तेल लावून अंग चोळणं खुशाल चालू ठेवा. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेदरिक लबॉये यांनी कोलकात्यात एका आईला बाळाला मालिश करताना पाहिलं आणि १९७० च्या दशकात ती कला युरोपभर पोहोचवली. आज तिथे बाळाच्या मालिशचे वर्ग पैसे भरून चालतात. न्हाऊ घालणाऱ्या बाईचा रुबाब मात्र त्या वर्गांना नाही.

उन्हाचं गणित बहुतेक घरांत चुकतं. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण सूर्य डोक्यावर असताना पोहोचतात. बेळगाव साधारण १६ अक्षांशावर आहे, फ्रँकफर्ट ५० वर. ऑक्टोबर ते मार्च तिथे सूर्य इतका खाली असतो की हे किरण जवळजवळ येतच नाहीत, आणि सावळ्या त्वचेला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागतं. त्यात आज्जी बाळाला खिडकीच्या काचेमागच्या उन्हात ठेवते, आणि काच यूव्हीबी अडवते. बाळाला ऊब मिळते, ड मिळत नाही. म्हणून जर्मनीत प्रत्येक बाळाला रोज ४०० ते ५०० एककं ड जीवनसत्त्व देतात. ते टाळू नये. बेळगावचं सकाळचं कोवळं ऊनही या कामी फारसं उपयोगाचं नाही, हे कुणाला सांगावं तर पटत नाही.

टाळूचं उदाहरण मला सर्वात आवडतं. "टाळू खोल गेली" असं आज्जी म्हणते, तेव्हा तिने पाहिलेलं खरं असतं. जुलाबउलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खरोखर आत जाते, वैद्यकाच्या पुस्तकातही हे लक्षण आहे. उपाय मात्र टाळू तेलाने भरणं हा नाही, क्षारसंजीवनी पाजणं आणि डॉक्टर गाठणं हा आहे. याउलट 'दातांमुळे जुलाब' यात निरीक्षणच फसवं आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास दात येतात, त्याच सुमारास आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांचा साठा ओसरतो आणि बाळ हाताला येईल ते तोंडात घालू लागतं. ३८ अंशांवरचा ताप दातांच्या नावावर घालू नये.

तिकडच्या पाळणाघरात जायला लागल्यावर पहिल्या हिवाळ्यात मूल सतत शेंबडं असतं. वर्षाला सात-आठ सर्द्या ही लहान मुलांची सामान्य गोष्ट आहे. तिथला डॉक्टर "तीन दिवस वाट पाहा" म्हणतो आणि बेळगावकर आईबापांना वाटतं, याला काही येत नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे तो बरोबर आहे. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ ताप आला तर वाट पाहायची नाही, कुठल्याही देशात. आणि आपल्या बऱ्याच बाळांच्या कंबरेवर जन्मतः असणारा निळसर डाग पहिल्याच तपासणीत तिथल्या पिवळ्या वहीत, म्हणजे बाळाच्या तपासण्यांच्या नोंदवहीत, नोंदवून घ्यावा. जखमेचा व्रण समजून कुणी चौकशी मागे लावली तर ती नोंद उपयोगी पडते.

हेच मूल वर्षा-दोन वर्षांनी मे महिन्यात आजोळी येतं, तेव्हा बाजू उलटते. आता आईबाप उकळलेलं पाणी मागतात आणि आज्जी म्हणते, "एवढ्याश्या पाण्यानं काय होतंय बग." तिला काही होत नाही, कारण हिपॅटायटिस ए लहानपणी बहुधा लक्षणांशिवायच होऊन जातो आणि जन्माची प्रतिकारशक्ती देऊन जातो. तिच्या पिढीतल्या बहुतेकांना तो नकळत होऊन गेला. परदेशात जन्मलेल्या नातवाकडे ती पुंजी नाही. म्हणून निघण्याआधी हिपॅटायटिस ए ची लस घ्यावी. टायफॉइडची गोष्ट जरा वेगळी. युरोपात बराच काळ मिळत आलेली टोचायची लस दोन वर्षांखालच्या मुलांत नीट काम करत नाही. भारतात बनलेली संयुग्म (कॉन्जुगेट) लस मात्र सहा महिन्यांपासून चालते आणि ती बेळगावातल्या बालरोगतज्ज्ञांकडे मिळू शकते. ती अंगी लागायला सुमारे दोन आठवडे जातात, तोवर यात्रेतला उसाचा रस आणि बर्फाचा गोळा नको.