बेपत्ता हवाई सैनिकाचे अवशेष: ओळख पटवण्यासाठी अर्ज कुठे, कुणी आणि कोणत्या कागदांसह करायचा

‘आजोबा विमानासह गेले, त्यांचं काही सापडलं तर गावी आणता येईल का?’ असं कुणी विचारलं की मी आधी साल विचारतो. सगळं उत्तर त्या सालावर अवलंबून आहे.

दुसऱ्या महायुद्धातला माणूस असेल तर अवशेष घरी येत नाहीत. हे कटू आहे, पण अर्ज लिहिण्याआधीच कळलेलं बरं. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतून मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं १९१७ मध्ये स्थापन झालेलं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. भारतही त्याच्या सहा सदस्य देशांपैकी एक आहे. जो जिथे पडला तिथेच त्याला ठेवायचं, अधिकारी असो वा साधा शिपाई, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. आज नव्यानं हाडं सापडली तरी ती जवळच्या युद्धस्मशानभूमीतच जातात. त्यामुळे या गटातल्या घरांनी अर्ज करायचा तो नावासाठी: नोंद आहे का, ती बरोबर आहे का, आणि ‘अज्ञात’ म्हणून कोरलेली एखादी कबर आपल्या माणसाची असल्याचा पुरावा देता येतो का. असा पुरावा आला की कमिशन तो तपासतं आणि निर्णयासाठी संबंधित देशाच्या लष्करी यंत्रणेकडे पाठवतं.

नाव शोधायला पैसे पडत नाहीत. कमिशनच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. आग्नेय आशियात उडताना बेपत्ता झालेल्या आणि कबर नसलेल्या हवाई सैनिकांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत, तर ब्रिटन आणि युरोपातून उड्डाण करून न परतलेल्यांची लंडनजवळच्या रनीमीडला. रनीमीडला अशी वीस हजारांहून जास्त नावं आहेत. १९४५ पासून प्रजासत्ताक होईपर्यंत आपल्या हवाई दलाच्या नावात ‘रॉयल’ होतं, तेही शोधताना लक्षात ठेवा.

इथे आपल्याकडची एक गोम आहे. तुम्ही सांगलीचे असाल तर ‘सांगली’ टाकून काही सापडणार नाही. सांगली जिल्हाच तेव्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा या भागातला माणूस कागदावर ‘सातारा’ जिल्ह्याचा. मिरज, जत, सांगली ही संस्थानं, आटपाडी औंध संस्थानात आणि फलटणचं वेगळंच. म्हणून जिल्हा, तालुका, संस्थान आणि गाव अशा चारही नावांनी शोधा. त्यात इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. जाधवाचा जाडव आणि शिंद्यांचा सिंदे झालेला मी पाहिला आहे. आडनावच नाही, नुसतं ‘गणपत, बापाचं नाव राणू’ एवढंच, असंही असतं.

आता १९४७ नंतरचे. इथे चित्र पूर्ण वेगळं आहे, कारण आपलं सैन्य आपल्या माणसाचे अवशेष घरी पोचवतं. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान हिमाचलातल्या रोहतांग खिंडीजवळ नाहीसं झालं. आत १०२ माणसं होती. ही लढाईतली घटना नव्हे, पण बर्फानं ५६ वर्षं राखलेलं कसं परत येतं ते तिथे दिसलं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना अवशेष दिसले, मग मोहिमा निघत राहिल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार मृतदेह मिळाले. त्यातल्या काहींची ओळख खिशातल्या कागदांवरून पटली, आणि ते लष्करी इतमामात आपापल्या गावी गेले. मोहीम कधी निघेल हे आपल्या हातात नाही. ती निघेल त्या दिवशी आपल्या घराचा आजचा पत्ता रेकॉर्डात असणं मात्र आपल्या हातात आहे. मुंबईला, पुण्याला घरं हलली, वाडा पडला, आणि रेकॉर्डात अजून १९६५ चा पत्ता, असं सर्रास आहे. निम्मा अर्ज याचसाठी असतो.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करावा. साताऱ्यात आहे, सांगलीतही आहे. साध्या कागदावर लिहा. हवाई दलात अधिकारी नसलेल्यांचं रेकॉर्ड नवी दिल्लीत सुब्रतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे असतं. अधिकाऱ्यांसाठी हवाई मुख्यालयाला लिहायचं. विमानात प्रवासी म्हणून बसलेला पायदळातला जवान असेल तर त्याच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. अर्जदार शक्यतो पत्नी, मुलं, भावंडं यांपैकी असावा. तेही नसतील तर पुतण्या, भाचा, नातू. एका घरातून चार अर्ज जाऊ देऊ नका. एकानं करावा, बाकीच्यांनी संमतीपत्र द्यावं. भाऊबंदकी इथेही आडवी येते.

कागदांत सर्वांत मोलाचा सर्व्हिस नंबर. तो नसेल तर पदकाची कड भिंगाखाली बघा, स्वातंत्र्यानंतरच्या बहुतेक पदकांवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. पेन्शनचं पुस्तक, बेपत्ता झाल्याची तार, जुनी पत्रं, फोटो (दात दिसणारा असेल तर उत्तम), उंची, मोडलेलं हाड, सोन्याचा दात, हातावरचं गोंदण, जे आठवेल ते लिहा. नातं दाखवायला शाळा सोडल्याचा दाखला, वारस नोंदीचा फेरफार आणि प्रतिज्ञापत्र. जन्माची नोंद मिळत नसेल तर तहसिलातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. ती मोडी लिपीत असली तर वाचून, लिप्यंतर करून जोडा. मूळ कागद कुठेही देऊ नका, झेरॉक्सच द्या.

अवशेषांची ओळख आणि कायद्यानं मृत मानणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १११ मध्ये आहे. जमीन, बँक, पेन्शन यांची कामं त्यावर होतात. घरी पालाशविधी (देह नसताना पळसाच्या पानांचा पुतळा करून केलेले अंत्यसंस्कार) झाला असेल तरी अवशेषांसाठी अर्ज करायला आडकाठी नाही.

आता डीएनए, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. जुन्या हाडात बरेचदा फक्त माइटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला) डीएनए तपासण्याजोगा उरतो, आणि तो आईकडूनच येतो. बेपत्ता माणसाच्या मुलाकडे तो नसतो, मुलाला त्याच्या आईचा मिळालेला असतो. मग कोण चालतं? सख्खी बहीण, भाऊ, बहिणीची मुलं, बहिणीच्या मुलीची मुलं, मावशी, मावसभाऊ. थोडक्यात, मामाची ओळख भाच्याकडून पटते. भाऊ, पुतणे, चुलतभाऊ बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रासाठी उपयोगी, हाडात ते टिकलं असेल तर. मुलगा-मुलगी मागे राहिली असतील तर त्यांचेही नमुने घेतातच, कारण पेशीच्या केंद्रकातला, आईबाप दोघांकडून येणारा डीएनए मिळाला तर त्यांच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

आपली वंशावळ मात्र नेमकी उलट लिहिलेली. जमिनीची असो की जातपडताळणीची, बापाकडून मुलाकडे उतरत जाते आणि लेकी लग्न होऊन कागदावरून गायब होतात. त्यामुळे या अर्जासाठी वंशावळ नव्यानं, आईच्या बाजूनं काढावी लागते: पणजीला किती मुली, त्या कुठल्या गावी दिल्या, त्यांना कोण कोण. हे काम घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारूनच होतं. बेपत्ता माणसाची कराडला दिलेली आत्या आणि विट्याची मावशी यांत मावशीचा धागा त्याच्या आईचा, आत्याचा त्याच्या बापाचा. बेपत्ता माणूस तुमचे वडील असतील तर हिशोब पुन्हा बदलतो: मग तुमची आत्या ही त्यांची बहीण, तीच हवी. नात्यात लग्नं झालेली असतील तर तेही स्पष्ट लिहा. कुणी सख्ख्या भाचीशी लग्न केलं असेल, तर त्याच्या मुलांकडे त्याच्याच आईचा माइटोकॉन्ड्रिया पोचलेला असतो, आणि ती मुलं एकदम कामाची ठरतात.

नमुना गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं किंवा रक्ताचा घेतात, ओळखपत्र आणि संमतीपत्रावर सही घेऊन. स्वतः खासगी लॅबमध्ये तपासणी करून रिपोर्ट जोडू नका, नमुना कुणासमोर घेतला याला रिपोर्टइतकंच महत्त्व असतं. गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी अरुणाचलात पडलेल्या अमेरिकी विमानांच्या वैमानिकांसाठी अमेरिकी यंत्रणेबरोबर काम करते, म्हणजे असलं काम देशात होतं.

जुळलं तर कळवणारं पत्र किंवा फोन अर्जदाराला येतो, म्हणून मोबाइल नंबर बदलला की रेकॉर्ड ऑफिसला लगेच कळवा. अर्जदार वारला तर दुसऱ्याचं नाव घाला. आणि विट्याच्या मावशीचा पत्ता अर्जावर पिनकोडसह लिहा.