‘रक्त पातळ व्हायची गोळी’ आणि ठणकणारी दाढ

लातूर-परभणीकडच्या कुठल्याही मेडिकलवर ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ मागा, काउंटरवर ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची पट्टी येते. छातीचं दुखणं एकदा होऊन गेलेल्या माणसाच्या खिशात ती असतेच. मग कधीतरी त्याची दाढ ठणकते, काढायचं ठरतं आणि वाद सुरू होतो: गोळी बंद करायची की चालू ठेवायची?

मुळात ही गोळी दुखण्याचीच. ओढ्याकाठी वाढणाऱ्या आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाची कडू साल युरोपात तापावर देत. त्यातून सुरू झालेला शोध १८९७ साली एका जर्मन कंपनीत शुद्ध ॲस्पिरिनपर्यंत पोचला, १८९९ मध्ये त्याला हे नाव मिळालं. श्रेय नेमकं कुणाचं यावर तिथे अजून भांडण आहे. आपल्याकडे ही गोळी डोकेदुखीवर पाण्यात विरघळवून प्यायची म्हणून घरात आली. दाढेला तोवर लवंगेचं तेल होतं, नाहीतर रिंगणीच्या बियांची धुरी. धुरीनंतर ताटलीत पडलेले ‘किडे’ पाहिलेली माणसं अजून गावोगाव भेटतील. ते किडे दातातले नसतात. दात पोखरतं ते जिवाणूंनी तयार केलेलं आम्ल.

गोळी पोटात गेली की जठरातून आणि लहान आतड्यातून रक्तात उतरते. तिथून यकृत आणि रक्तातली विकरं (एन्झाइम) तिचे तुकडे करू लागतात. दर १५ ते २० मिनिटांनी रक्तातलं ॲस्पिरिन निम्मं होतं. पण तेवढ्यात काम झालेलं असतं. तिच्यातला ॲसिटिल नावाचा तुकडा, प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारं रसायन बनवणाऱ्या विकराला कायमचा चिकटतो. दाढेच्या गाभ्याला सूज येते तेव्हा चारी बाजूंनी कठीण भिंती असतात, सुजेला पसरायला जागा नसते आणि प्रोस्टाग्लँडिन नसांना हळवं करून ठेवतं. ते कमी झालं की ठणका उतरतो. हे कोडं १९७१ मध्ये उलगडलं, त्यासाठी १९८२ साली नोबेल मिळालं. उरलेलं सॅलिसिलेट मागे रेंगाळतं: नेहमीच्या मात्रेत दोन-तीन तासांनी निम्मं होतं, यकृत त्याला ग्लायसीन जोडतं आणि ते लघवीवाटे जातं. मात्रा फार झाली तर यकृताची ही सोय अपुरी पडते, सॅलिसिलेट साचतं, कानात गुं आवाज येतो.

म्हणजे आराम मिळतो तो रक्तातून. गोळी दाढेशेजारी दाबून धरली तर हिरडी आणि गाल भाजतात, तिथे पांढरी साल सुटते. दाढ आहे तिथेच ठणकत राहते.

आता तो ‘पातळ’ शब्द. ॲस्पिरिनने रक्त पाण्यासारखं होत नाही. त्याचा दाटपणा होता तसाच राहतो. फरक पडतो तो रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्स या बारीक पेशींवर, कारण त्या एकमेकींना चिकटायच्या कमी होतात. इतर पेशी काही तासांत नवं विकर तयार करतात, म्हणून दुखणं चार-सहा तासांत परततं. प्लेटलेटला केंद्रकच नाही, ती नवं बनवू शकत नाही. आठ-दहा दिवसांच्या आयुष्यभर ती अडलेलीच राहते. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात तिची गोळीशी गाठ यकृताच्या आधीच पडते, म्हणून ७५ मिलिग्रॅम पुरतात. दुखण्याला ३०० ते ६०० लागतात. दाढ दुखते म्हणून हृदयाच्या दोन गोळ्या खाल्ल्याने ना धड दाढेचं भागतं, ना पोटाचं भलं होतं. या एका शब्दाने वॉरफरिनसारखी वेगळ्याच वाटेने काम करणारी औषधंही त्याच टोपलीत टाकली. ‘अंगात आधीच रक्त कमी, त्यात पातळ कशाला?’ म्हणून गोळी सोडणाऱ्या मावशीही याच शब्दाच्या बळी.

दात काढण्याआधी सात-दहा दिवस गोळी थांबवायची, ही जुनी पद्धत प्लेटलेटच्या आयुष्याच्या हिशेबावर बेतलेली. ‘आठ दिवस गोळी बंद करा मामा, मग या.’ कागदावर हिशेब बरोबर. पण १९८८ च्या मोठ्या अभ्यासात, हृदयविकाराच्या झटक्याच्या वेळी सुरू करून महिनाभर दिलेल्या रोजच्या ॲस्पिरिनने मृत्यू पाचवा हिस्सा तरी कमी झाले आणि पारडं फिरलं. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, आल्यावर तर गोळी तोडणं हाच धोका ठरला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग आणि दंतवैद्यकाच्या संघटनांनी एकत्र येऊन स्टेंटवाल्यांची गोळी मधेच थांबवू नका असं बजावलं. एकटं ॲस्पिरिन चालू असताना साधी दाढ काढली तर रक्त थोडं जास्त वेळ झिरपतं. गॉजचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरला, गरज पडली तर टाका घातला की बहुतेकांचं भागतं. तरी ‘आठ दिवस’ अजून निघत नाहीत.

आज नुसत्या दाढदुखीला दंतवैद्य ॲस्पिरिन क्वचितच लिहितात. १९८६ पासून ब्रिटनमध्ये लहान मुलांना ते देणं बंद झालं, आणि पावसाळ्यात डेंग्यूची शंका असली की आपले डॉक्टरही ते टाळतात. हृदयाच्या पेशंटची अडचण मात्र निराळी. पुष्कळांच्या एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेट्सना अडवणारं दुसरं औषधही असतं, आणि मामा सांगतात, ‘एकच गोळी आहे, रक्त पातळ व्हायची.’ मग पट्टी उलटी करून, चष्मा वर सारून, पाठीमागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.