फर्निचरचं अनेकवचन का होत नाही?

'फर्निचर्स', 'इन्फर्मेशन्स', 'लगेजेस'. इंग्रजीच्या वहीत लाल शाई हमखास या शब्दांवर पडते. वही ज्याची असते त्याला नामांचे पाच प्रकार तोंडपाठ असतात: विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक. पण ही विभागणी अर्थावरून केलेली आहे. इंग्रजी वाक्याला पडणारा प्रश्न वेगळाच असतो: हे नाम काउंटेबल (मोजता येणारं) की अनकाउंटेबल (न येणारं)? आधी 'अ' लागणार की नाही, 'मेनी' की 'मच', शेवटी 'एस' येणार का, सगळं त्यावर ठरतं.

आणि त्याचं उत्तर वस्तूकडे बघून मिळत नाही. गहू आणि ओट, दोन्ही धान्यंच. पण 'व्हीट' एकवचनी आणि 'ओट्स' अनेकवचनी. आपल्याकडे तरी काय, रवा भाजला पण पोहे भिजवले. मोहरी तडतडली पण तीळ तडतडले. तांदूळ धुतले आणि भात शिजला! (अमुक भाषा 'सर्वात वैज्ञानिक' म्हणून फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी आधी या पोह्यांचा हिशेब द्यावा.)

मग मुलं हे शिकतात कशी? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊन यांनी १९५७ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एक चित्र दाखवलं. एका भांड्यात कागदाच्या बारीक कपट्यांसारखं काहीतरी आहे आणि दोन हात ते मळताहेत. काही मुलांना सांगितलं, यात 'अ सिब' आहे, काहींना 'सम सिब', काहींना 'सिबिंग'. 'सिब' हा शब्दच बनावट. पुढच्या चित्रांतून सिब ओळखायला सांगितल्यावर 'अ' ऐकलेली बहुतेक मुलं भांड्याकडे गेली, 'सम' ऐकलेली त्या कपट्यांकडे आणि 'सिबिंग' ऐकलेली मळण्याकडे. म्हणजे शब्दाचा अर्थ माहीत नसताना आधी व्याकरणाने बोट दाखवलं.

२००५ मध्ये बार्नर आणि स्नेडेकर या मानसशास्त्रज्ञांनी याला आणखी एक पीळ दिला. एकाकडे एक मोठी वस्तू, दुसऱ्याकडे अनेक छोट्या, जास्त कोणाकडे? 'स्टोन्स' म्हटलं की लोक नग मोजतात, 'स्टोन' म्हटलं की आकारमान बघतात. पण 'फर्निचर'सारख्या शब्दांना, अनकाउंटेबल असूनही, नगच मोजले गेले. मोठ्यांनी आणि चार वर्षांच्या मुलांनीही.

हे वर्ग कायमचे असतात असंही नाही. वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी 'पीझ' म्हणत, आणि तो शब्द एकवचनीच होता. शेवटचा 'झ' अनेकवचनाचा आहे असं लोकांना वाटलं, त्यांनी तो छाटला आणि सतराव्या शतकापर्यंत 'पी' हे नवं एकवचन रूढ झालं.